सॉलिसिटरच्या पेढीचे दार

कायद्याचे निकाल लागले की अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड या भागांतील पालक शिक्षणसंस्थेच्या कचेरीत येतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात. "मुलगा एलएल.बी. झाला. आता फोर्टात आपल्या ओळखीचे कोणी आहे का?" हल्ली मुलीसाठीही हाच प्रश्न येतो, ही आनंदाची गोष्ट. प्रश्नामागची काळजी मात्र खरी आहे. घरात कोणी वकील नाही, कोर्टाची पायरी चढलेला माणूस म्हणजे भाड्याच्या खटल्यातले आजोबा. मग मोठ्या सॉलिसिटर फर्मकडे अर्ज करायचा तरी कसा?

वाचकहो, हा प्रश्न आपल्याच पिढीला पडला असे समजू नका. याच शहरातील एका मुस्लिम घराने तो दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सोडविला, आणि सोडविण्याची त्यांची रीत आजही विचार करण्यासारखी आहे.

खंबायतहून आलेल्या घराण्यातील व्यापारी तय्यबअली, म्हणजेच भाई मियाँ, यांनी आपल्या मुलांना विलायतेला शिकण्यासाठी पाठविले. इंग्रजी तालीम घेतली तर ईमान जाईल असे मानण्याचे ते दिवस होते. त्यांतील कमरुद्दीन तय्यबजी १८५८ साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून दाखल झाले. तो मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. धाकटे बंधू बद्रुद्दीन तय्यबजी १८६० मध्ये विलायतेस गेले, डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना मध्येच परतावे लागले, पुन्हा जाऊन १८६७ च्या एप्रिलमध्ये ते मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले. मुंबईतील ते पहिले हिंदी बॅरिस्टर. पुढे १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती. हे सर्व आपण शाळेच्या पुस्तकातून जाणतो. बद्रुद्दीन साहेबांची तसबीर आपल्या सभागृहांतून दिसते. कमरुद्दीन साहेबांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेते. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो केवळ एका माणसावरचा नाही.

का, ते समजण्यासाठी त्या वेळची पद्धत माहीत हवी. हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे ज्याला वकील मंडळी ओरिजिनल साइड म्हणतात तेथे, पक्षकार सरळ बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. तो आधी सॉलिसिटरकडे जाई. सॉलिसिटर कागद तपासी, हकीगत उतरवून घेई, तारखांची यादी करी, मसुदे तयार करी आणि मग बांधलेली ब्रीफ बॅरिस्टरच्या टेबलावर पाठवी. ब्रीफ आली नाही तर मोठ्यातला मोठा बॅरिस्टर लायब्ररीत बसून राहणार. म्हणजे दरवाजा सॉलिसिटरच्या हाती. बद्रुद्दीन कोर्टात आले तेव्हा त्यांच्या घरातच एक सॉलिसिटर होता. थोरल्या भावाने आधी दार उघडून ठेवले होते.

हे दार किती घट्ट बंद असू शके ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात दिसते. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. परदेशातल्या इतक्या पदव्यांचा माणूस, पण अस्पृश्यतेच्या कलंकामुळे सॉलिसिटर त्यांना काम देईनात. त्यांनी मुंबईबाहेरच्या कोर्टांतील कामे घेतली आणि १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. गुणवत्ता असली की काम आपोआप चालून येते, असे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

सॉलिसिटर कसा तयार होई? आर्टिकल्ड क्लार्क म्हणून. उमेदवाराने एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली करार करून तीन वर्षे पेढीत बसायचे. नकला करायच्या, रजिस्ट्रारच्या कचेरीत शोध घ्यायचा, नोटिसा बजावल्या की नाही ते पाहायचे, प्रतिज्ञापत्रे लिहून आणायची, कोर्टाच्या कचेरीत ताटकळायचे. मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा. ही सोसायटी १८९४ ची. परीक्षा अवघड म्हणून प्रसिद्ध, पण तिच्यापेक्षा अवघड असे ते पहिले पान, करारावर सही करणारा सॉलिसिटर मिळविणे. तेथे ओळख लागे. पेढ्या फोर्टात, क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल आणि कंपनी १८५६ ची. आपली उपनगरे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होती आणि बृहन्मुंबईत आली ती १९५० व १९५७ मध्ये, दोन टप्प्यांत. इथल्या जुन्या घरांची कोर्टकचेरी वर्षानुवर्षे ठाण्याकडे झाली. तेव्हा अंधेरी-मुलुंडच्या कुटुंबांना फोर्टातील पेढ्यांची ओळख नसली तर तो त्यांचा दोष म्हणता येत नाही.

आता एक वेगळी हकीगत ऐका. १८९१ मध्ये एक तरुण बॅरिस्टर विलायतेहून परतला. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभा राहिला आणि डोके गरगरू लागले. पक्षकाराला दुसरा वकील करायला सांगून तो खाली बसला. मग त्याने नोकरीसाठी अर्ज केला. एका नामवंत शाळेला रोज एक तास इंग्रजी शिकविणारा शिक्षक हवा होता, पगार पंचाहत्तर रुपये. शाळेने बोलाविले, पण उमेदवार पदवीधर नाही म्हणून नाकारले. तो राजकोटला गेला आणि दुसऱ्यांचे अर्ज व मसुदे लिहून पोट भरू लागला. हा तरुण म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

त्यांना पुढचे काम दिले ते पोरबंदरच्या एका मेमन पेढीने, दादा अब्दुल्ला आणि कंपनीने. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेला जायचे, येण्याजाण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे, राहण्याजेवणाची सोय आणि १०५ पौंड. दावा चाळीस हजार पौंडांचा होता, पण तो चालविणारे वकील तेथले होते. गांधीजींचे काम पेढीचा पत्रव्यवहार पाहणे, हिशेब समजून घेणे आणि ते सारे वकिलांना समजावून देणे. बॅरिस्टर म्हणून नव्हे, पेढीचा नोकर म्हणून आपण गेलो, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आजच्या भाषेत याला पॅरालीगल म्हणतील. खटला हिशेबांवर अवलंबून होता आणि गांधीजींना जमाखर्च येत नव्हता. त्यांनी पुस्तक विकत घेऊन तो शिकून घेतला. कागद मुख्यतः गुजरातीत होते. तेथल्या गोऱ्या वकिलांना जे वाचता येत नव्हते ते या बेकार बॅरिस्टरला येत होते. शेवटी दोन्ही पक्षांना लवादाकडे नेऊन प्रकरण मिटविण्यात आले.

विद्यार्थी मित्रांनो, हे मी मुद्दाम विस्ताराने सांगितले. मेजावरचे काम कमी दर्जाचे समजणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. "आमचा मुलगा वकील झाला, कारकून नाही," असे ते म्हणतात. कमरुद्दीन साहेबांचा सारा धंदा मेजावरचाच होता.

जुनी द्विस्तरीय व्यवस्था आता कायद्याने उरलेली नाही. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने सर्व वकिलांचा एक वर्ग केला आणि १९७६ च्या दुरुस्तीने अॅटर्नी हा वेगळा वर्ग गेला. मुंबईत सोसायटीची परीक्षा व आर्टिकलशिप मात्र टिकून राहिली, आणि सॉलिसिटर या बिरुदाची किंमतही. दुसरीकडे, नव्या वकिलाने एक वर्ष उमेदवारी करावी असा नियम बार कौन्सिलने १९९५ मध्ये पुन्हा आणू पाहिला, तो सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सुधीर यांच्या खटल्यात रद्द ठरविला. निकाल कायद्याला धरून असेल. परिणाम असा झाला की सनद घेतलेल्या मुलाला शिकविण्याची सक्ती कोणावर नाही. विद्यार्थिदशेतली उमेदवारी तेवढी आवश्यक आहे: २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस. पुष्कळ मुले हे आठवडे ओळखीच्या वकिलाकडून नुसता दाखला आणून भरून काढतात. स्वतःच्या हाताने बंद केलेले दार आहे हे.

त्यापेक्षा अर्ज करा. एका पेढीला नव्हे, वीस पेढ्यांना. मोठ्या फर्म आता लोअर परळ व बांद्रा-कुर्ला संकुलातही आहेत; म्हणजे आपल्याला त्या पूर्वीपेक्षा जवळ आल्या. अर्ज एका पानाचा असावा, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नसावी, कारण मसुद्यावर जगणारी माणसे आधी तेच पाहतात. "आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळावी" ही वाक्ये गाळा. आपण कोणत्या कोर्टात काय पाहिले, कोणता दस्तऐवज स्वतः वाचला, ते लिहा. काहीच केले नसेल तर उपनगर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल व्हॉलंटियर होण्यासाठी चौकशी करा. ही योजना २००९ पासूनची आहे, कायद्याच्या विद्यार्थ्यांना तीत घेतात, प्रशिक्षण आणि कामाच्या दिवसांचे मानधनही मिळते.

आणि अर्जात भाषा लिहायला लाजू नका. मराठी, उर्दू, गुजराती, येत असेल तर मोडी. उपनगरातील जमिनीचा मालकी हक्क तपासायचा म्हणजे साधारण तीस वर्षांचे दस्त सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत शोधायचे, सातबारा, फेरफार व मिळकत पत्रिका वाचायच्या. हे सारे मराठीत असते. जुनी वक्फनामे उर्दूत असतात, आणि त्यातला मुतवल्ली कोण व त्याला विकण्याचा अधिकार होता की नाही, यावर इमारतीच्या इमारती अडून बसतात. काचेच्या कचेरीतल्या इंग्रजी शाळेच्या मुलापुढे असा एखादा फेरफार ठेवला की तो शेजारच्या टेबलाकडे पाहू लागतो. त्या शेजारच्या टेबलासाठीच अर्ज करायचा आहे.