शीड कोणी शिवले?

कोकणातल्या ज्या शाळेत मी शिकवतो, तेथील निम्मी मुले दर्यावर्दी घरांतली आहेत. एकदा भूगोलाच्या तासाला मी त्यांना कप्तान जोशुआ स्लोकमची गोष्ट सांगत होतो. २४ एप्रिल १८९५ रोजी हा गृहस्थ 'स्प्रे' नावाच्या लहानशा शिडाच्या नावेतून बोस्टनहून एकटाच निघाला आणि २७ जून १८९८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून अमेरिकेच्या किनाऱ्याला परत लागला. प्रवास ४६,००० मैलांचा आणि सोबतीला कोणी नाही! मुले डोळे विस्फारून ऐकत होती. एवढ्यात एका खलाशाची मुलगी म्हणाली, "गुरुजी, त्याचं शीड कोणी शिवलं?"

वर्ग हसला. मी मात्र थबकलो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास शाकारलेली होडी मोकळी करून पाण्यात लोटायची, तर घरातले किती हात राबतात, हे त्या पोरीने पाहिलेले होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर 'स्प्रे'च्या आधीच्या एका नावेपाशी सापडते. तिची हकिकत फारशी कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगतो.

स्लोकमची पहिली पत्नी व्हर्जिनिया १८८४ साली वारली. १८८६ मध्ये त्याने हेटीशी लग्न केले. ती चोवीस वर्षांची, कपडे शिवणारी मुलगी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती नवऱ्याच्या 'ॲक्विडनेक' जहाजावर चढली आणि तिच्या वाट्याला एकामागून एक संकटे आली. वादळ झाले, खलाशांना देवी आल्या, जहाजावर दंगा होऊन रक्त सांडले. अखेर १८८७ च्या डिसेंबरात ब्राझीलमधील पारानाग्वाच्या उपसागरात लाकडाने भरलेले ते जहाज वाळूवर रुतले आणि मोडले. परक्या मुलखात नवराबायको आणि दोन मुले उघड्यावर पडली. मोठा व्हिक्टर सोळाच्या घरातला, धाकटा गारफील्ड अवघा सातएक वर्षांचा.

कोणाच्या तरी दयेवर मायदेशी परतणे कप्तानाला मानवले नाही. आपली नाव आपण बांधायची, असे त्याने ठरवले. हत्यारे म्हणाल तर एक कुऱ्हाड, एक वासला, दोन करवती आणि भोके पाडायची दोनतीन अवजारे. शिडे शिवायची दोन मोठी दाभणे होती, त्यांचीही टोके घडवून खिळ्यांसाठी भोके पाडायला घेतली. किनाऱ्यावर वाहून आलेल्या शिडाच्या जुन्या पिशवीत एक कानस सापडली, ती तर सोन्याहून मोलाची ठरली. मोडक्या जहाजाच्या धातूचे खिळे झाले. तांब्याची नाणी कापून, त्यांना भोके पाडून, त्यांच्या चकत्या केल्या. पैसा असा कामी आलेला मी दुसरीकडे ऐकला नाही.

नाव झाली ३५ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि तीन फूट खोल. मग शिडांचा प्रश्न आला. स्लोकमने चिनी नावांची पद्धत पत्करली. अशा शिडात बांबूच्या आडव्या काठ्या बसवलेल्या असतात. वारा वाढला की दोर सैल सोडायचा, म्हणजे आपल्या ओसरीवरच्या चिकाच्या पडद्यासारखे शीड घडी घडीने खाली येते. वाऱ्याचा ताण सगळ्या काठ्यांवर वाटला जातो आणि एक पट्टा फाटला तरी बाकीचे काम देतात. माणसे थोडी असतील त्या नावेला याहून सोयीची तऱ्हा नाही. ही शिडे हेटीने शिवली. पोलकी शिवलेला हात तो, पण शिडांची शिवण चांगली उतरली, अशी शाबासकी खुद्द कप्तानाने आपल्या पुस्तकात दिली आहे.

१३ मे १८८८ रोजी नाव पाण्यात उतरली. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. म्हणून तिचे नाव ठेवले 'लिबरदादे', म्हणजे स्वातंत्र्य. २४ जूनला चौघे निघाले आणि पहिल्याच सफरीत वाऱ्याच्या तडाख्याने शिडांच्या चिंध्या झाल्या. सांतूसहून रिओ द जानेरोपर्यंत 'फायनान्स' नावाच्या आगबोटीने नाव ओढत नेली. बाप वीस तास सुकाणूला चिकटून होता आणि व्हिक्टर ओढदोराशी कुऱ्हाड घेऊन बसला होता. जिवावर बेतले तर दोर तोडायचा! रिओला नवी शिडे चढली. मग सुमारे ५,५०० मैल तुडवीत ऑक्टोबरअखेर हे कुटुंब अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना किनाऱ्याला सुखरूप लागले.

हेटी त्यानंतर लांबच्या सफरीवर पुन्हा गेली नाही. सात वर्षांनी कप्तान निघाला तो एकटा. त्या एकटेपणानेच तो जगाच्या इतिहासात जाऊन बसला, आणि ते योग्यही आहे. धाडस त्याचे होतेच. परंतु लहान नाव समुद्रावर कशी जगवायची, याचा धडा त्याने 'लिबरदादे'वर घेतला होता, आणि त्या नावेला वारा बायकोच्या टाक्यांनी पकडून दिला होता.

वर्गात मी हे सारे सांगितले तेव्हा ती मुलगी हसली नाही. जे ठाऊकच होते ते ऐकावे, तशी मान हलवून ती खाली बसली. आता दरवर्षी हा धडा आला की मी गोष्टीला सुरुवात त्या कपडे शिवणाऱ्या मुलीपासून करतो.