चित्रकाराचं घर

हेलसिंकीला ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. शनिवारी आतेनेउम म्युझियममध्ये एका चित्रापुढे बराच वेळ थांबलो होतो, म्हणून रविवारी त्या चित्रकाराचं घर बघायला निघालो. चार नंबरची ट्राम मुंकिनिएमीपर्यंत, पुढे खाडीच्या काठाने पायी. वारा असा की कान गळून पडतात की काय!

अक्सेली गालेन-कालेला (१८६५-१९३१). मूळ नाव आक्सेल गालेन, घरची भाषा स्वीडिश. १९०७ मध्ये त्याने नाव फिनिश करून घेतलं. तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होता. 'कालेवाला' या महाकाव्यातले प्रसंग रंगवून यानेच फिनिश लोकांना त्यांचे वीर 'दिसवले' म्हणा ना.

तार्वास्पॅचं हे घर त्याने स्वतः आराखडा काढून १९११ ते १९१३ मध्ये बांधलं. १९६१ साली त्याचं म्युझियम झालं. मनोरा, जाड भिंती, उंचच उंच स्टुडिओ. छोटा किल्लाच. खरं सांगू? मला जरा नाटकी वाटलं. डोक्यात मात्र कालचंच चित्र होतं.

१८९७ चं 'लेम्मिनकाइनेनची आई'. मुलगा मारला गेलाय, त्याचे तुकडे आईने मृत्यूच्या नदीतून दाताळ्याने गोळा केलेत, आणि ती वर बघत बसलीय. मधमाशी मलम आणेल, मुलगा उठेल. या चित्रासाठी त्याची स्वतःची आई बसली होती. पण त्याच्या दोन वर्षं आधी, १८९५ मध्ये, तो बर्लिनला मुंकबरोबर प्रदर्शन भरवत असताना इकडे त्याची तीन-चार वर्षांची मुलगी मार्यात्ता घटसर्पाने गेली होती. हे कळल्यावर ते चित्र पुराणातलं राहत नाही.

आणि हाच माणूस १९१८ च्या यादवीत श्वेत सैन्याकडून आघाडीवर गेला, एकोणीस वर्षांच्या मुलाला, योर्माला, बरोबर घेऊन! फिनिशच लोक एकमेकांना मारत होते. तीस हजारांहून जास्त माणसं मेली. नंतर याने मानरहाइमसाठी गणवेश आणि पदकं डिझाइन केली. मला हे पचत नाही. देशभक्ती वगैरे ठीक आहे, पण ते चित्र काढलेल्या माणसाने?

त्या वेळी दोघं सुखरूप परतले. योर्मा १९३९ मध्ये, रशियाविरुद्धच्या हिवाळी युद्धात, पडला. बाप आठ वर्षांपूर्वीच गेला होता. आई, मेरी, होती.