रोशा तेल : एका निनावी सुगंधाची कथा

रोजमेरीच्या तेलाची बाटली आता नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांतूनही मिळू लागली आहे. केस गळू नयेत, डोके हलके व्हावे, अशा आशेने लोक ती घेतात. रोजमेरी ही मूळची भूमध्य समुद्राकाठची. तिच्या लॅटिन नावाचा अर्थ 'समुद्राचे दव' असा सांगितला जातो. दूरदेशीच्या वस्तूची ओढ वाटण्यात वावगे काहीच नाही. परंतु असेच एक सुगंधी तेल आपल्या सातपुड्याच्या डोंगरउतारांवर पिढ्यान् पिढ्या गाळले जात होते आणि त्याने इस्तंबूलपर्यंतची बाजारपेठ गाठली होती, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? ते तेल म्हणजे रोशा तेल.

रोशा हे एक उंच, बहुवर्षायू गवत. संस्कृत वैद्यकातील 'रोहिष' या नावाशी त्याचे नाते जोडले जाते. बैतुल, छिंदवाडा, निमाड, मेळघाट आणि पश्चिम खानदेशातील नंदुरबार, तळोदे, शहादे हा त्याचा जुना मुलूख. यांपैकी बैतुल, छिंदवाडा, निमाड हे जिल्हे १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यापासून दीर्घकाळ नागपूर या राजधानीच्या कारभाराखाली होते. या गवताचे दोन प्रकार मानतात. कोरड्या, उघड्या उतारांवर वाढतो तो 'मोतिया'. ओलसर, झाडीच्या जागी वाढतो तो 'सोफिया'. मोतियाचे तेल गुलाबासारखे दरवळते व उंची मानले जाते. सोफियाचा वास उग्र, म्हणून त्याचे मोलही कमी.

वनस्पतिशास्त्रात या गवतास 'सिंबोपोगॉन मार्टिनी' म्हणतात. हे नाव जनरल क्लॉड मार्टिन यांचे. फ्रान्समधील ल्यों येथे १७३५ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात चढत गेला आणि लखनौस स्थायिक झाला. लखनौ, कोलकाता व ल्यों येथील 'ला मार्टिनियर' विद्यालये त्याच्याच मृत्युपत्रातून उभी राहिली. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात सैन्यासह बालाघाटात, म्हणजे दक्षिणेतील घाटमाथ्यावर असताना, गुरे हे गवत अधाशीपणे खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो, हे त्याने हेरले. त्याने बी गोळा करून लखनौस लावले व विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडेही पाठविले. रॉक्सबर्गने गवतास मार्टिनचे नाव दिले. ज्या गुराख्यांना हे गवत पूर्वापार ठाऊक होते, त्यांचे नाव मात्र शास्त्राच्या वहीत आले नाही. या तेलाच्या इतिहासात हे पुढेही घडत राहिले.

तेल गाळण्याची जुनी रीत साधी, पण कष्टाची होती. पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर येई. तेव्हा ते कापून ओढ्याकाठच्या भट्टीवर आणत. मोठ्या कढईवजा भांड्यात पाणी व गवत भरून वर झाकण बसवीत आणि फटी लिंपून घेत. खाली लाकडांचा जाळ पेटे. वाफ बांबूच्या नळीतून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात उतरे. थंड झाली की पाण्यावर तेलाचा तवंग येई. शंभर किलो ओल्या गवतातून अर्धा किलो तेलही क्वचितच हाती लागते. गवत कापणारे, वाहणारे, जाळ राखणारे हात प्रामुख्याने भिल्ल, कोरकू, गोंड यांचे. भांडवल आणि विक्री व्यापाऱ्यांची.

पुढचा प्रवास मुंबईहून. तेथून हे तेल जेद्दासारख्या तांबड्या समुद्रावरील बंदरांत उतरे आणि अरब व्यापाऱ्यांच्या हातून तुर्कस्तानात जाई. तेथे त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ते घुसळीत, उन्हात ठेवून त्याचा रंग व उग्रपणा घालवीत आणि मग गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. काही ठिकाणी तर गुलाबपाकळ्या भट्टीत घालण्यापूर्वीच त्यांच्यावर ते शिंपडीत. बल्गेरियातील कझानलिकचा मुलूख १८७८ पर्यंत उस्मानी साम्राज्यात होता. तेथील जगप्रसिद्ध गुलाबी अत्तरातही ही भेसळ शिरली. एक किलो गुलाबतेलास तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, हे लक्षात घेतले की भेसळीचा मोह कळतो. युरोपात या तेलाला 'तुर्की जिरेनियम तेल' हे नाव मिळाले. सातपुड्याचे गवत तुर्की झाले, तेही जिरेनियम या झाडाशी काडीचा संबंध नसताना! आज जगाच्या बाजारात त्याला 'पामारोजा' म्हणतात.

गुलाबाची ही नक्कल साधते कशी, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले. ऑस्कर जेकबसन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये भारतातील अशाच गवताच्या तेलातून एक द्रव्य प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तेच जिरॅनिऑल. चांगल्या मोतिया तेलात ते साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक असते आणि खऱ्या गुलाबतेलाचाही ते एक प्रमुख घटक आहे. म्हणजे ही नक्कल अगदीच परक्याची नव्हती; दोघांत रक्ताचे नाते होते. मात्र गुलाबतेल मेणासारख्या घटकांमुळे थंडीत गोठते, तसे रोशाचे गोठत नाही. जाणते व्यापारी हे ओळखून असत.

साबण, सौंदर्यप्रसाधने व तंबाखूचा सुवास यांसाठी हे तेल वापरले गेले. गावोगावी सांधेदुखीवर व कंबरदुखीवर ते चोळीत. डास दूर ठेवण्यासाठीही लावीत. जिरॅनिऑलचा कीटकांना दूर ठेवण्याचा गुण प्रयोगांतूनही दिसला आहे. तथापि सुगंधी तेल म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण नव्हे. ते पिऊ नये, लहान मुलांपासून दूर ठेवावे, आणि अंगास लावायचे तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात थेंबभर मिसळून आधी थोड्या जागी लावून पाहावे. काहींच्या त्वचेला जिरॅनिऑल सोसत नाही. रोजमेरीलाही हाच नियम लागू.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्पेंटाइनपासून जिरॅनिऑल कारखान्यात तयार होऊ लागले. डोंगरातील भट्ट्यांचे महत्त्व ओसरले आणि रोशा शेतातले पीक झाले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'तृष्णा', 'पीआरसी-१' यांसारखे वाण दिले. मार्टिनने ज्या शहरात बी पेरले, तेथेच हे व्हावे, हा योगायोग मोठा मनोरम आहे.

शुभवर्तमानात बेथानी येथे एक स्त्री येशूच्या मस्तकावर मोलवान जटामांसीचे तेल ओतते. ते तीनशे दिनारांना, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षाच्या कमाईएवढ्या किमतीला विकता आले असते. जटामांसी ही हिमालयातील. तेव्हा ते तेलही बहुधा आपल्याच भूमीतून दूर गेलेले. संत मार्क त्या स्त्रीचे नाव देत नाही. तरी तिच्या कृतीची आठवण जगभर केली जाईल, असे प्रभू सांगतो. तेलाची किंमत मोजणारे तेथे पुष्कळ होते. देणारीची आठवण ठेवणारा तो एकच.

आमच्या मते रोशाचा इतिहास हीच आठवण मागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी समाजाची मालकी मान्य केली. आपल्या विदर्भातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखविली. पूर्वी जे हात केवळ मजुरीवर राबले, त्यांना आता धनी म्हणून उभे राहण्याची सोय कायद्यात आहे. ती प्रत्यक्षात यावी, यासाठी शिकलेल्यांनी त्यांच्या पाठीशी राहिले पाहिजे. सुगंधी तेलाची बाटली विकत घेताना तिच्यावरचे नाव आपण वाचतोच. ते गवत कोणाच्या डोंगरावर वाढले आणि कोणी कापले, हेही विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या.