जी-एच गप्प का बसले? नाइट, लाइट, फाइटची गोष्ट

आज आपण पाच अक्षरांबद्दल बोलणार आहोत. वर्डल खेळणाऱ्यांना हा सापळा चांगलाच माहीत असेल. पहिल्याच प्रयत्नात शेवटची चार अक्षरं हिरवी होतात: आय, जी, एच, टी. वाटतं, आता झालंच! पण पुढचं अक्षर कोणतं? फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, शिवाय एट म्हणजे आठ. रोजच्या वापरातलेच आठ शब्द झाले, आणि हातात उरलेत पाच प्रयत्न. हार्ड मोडमध्ये तर फक्त नशीब!

आता खरा प्रश्न. या आठही शब्दांत जी आणि एच बसलेत, पण बोलत कुणीच नाही. मग ते आले कुठून?

उत्तर असं, की ते पूर्वी बोलत होते. हजारएक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत रात्रीला एन-आय-एच-टी असं लिहायचे आणि त्यातला एच चक्क उच्चारायचे. घशातून घासत येणारा 'ख़'सारखा आवाज. उर्दूतला 'ख़बर' आठवा, साधारण तसाच. म्हणजे शब्द होता 'निख़्त'. शेजारच्या जर्मनमध्ये रात्र आजही 'नाख़्ट' आणि आठ म्हणजे 'आख़्ट'. स्कॉटलंडच्या बोलीत तर अजून 'निख़्ट' आणि 'लिख़्ट' ऐकू येतं. आणखी मागे गेलात तर आपल्याच घरात येता, कारण संस्कृतमध्ये रात्रीला 'नक्त' आणि आठाला 'अष्ट' म्हणतात. ही सगळी एकाच मोठ्या भाषाकुळातली भावंडं.

मग जी कुठून आला? 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच आली आणि लेखनिकांच्या सवयीही बदलल्या. त्या घशातल्या आवाजासाठी वेगवेगळी चिन्हं वापरून झाली आणि हळूहळू जी-एच ही जोडी रुळली. तेव्हा ती अगदी बरोबर होती, कारण लोक तो आवाज खरोखर काढत होते.

घोळ झाला तो पुढे. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला. छापलेली पुस्तकं सगळीकडे जाऊ लागली, त्यामुळे स्पेलिंग हळूहळू एका जागी थांबायला लागलं. आणि नेमक्या त्याच काळात उच्चार मात्र पळत सुटले होते! तो 'ख़' विरत गेला, 'निख़्त'चं 'नीट' झालं. मग साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले सगळेच दीर्घ स्वर सरकले आणि 'नीट'चं 'नाइट' झालं. 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश आला तोवर आवाज गेला होता, अक्षरं मात्र पक्की झाली होती.

याच जी-एचचं दुसरं पाच अक्षरी कुटुंब तर याहून भारी आहे. शेवट ओ-यू-जी-एच. कॉफ, रफ, टफ, डो, बाउ. खोकला, खरखरीत, कणखर, मळलेली कणीक आणि झाडाची फांदी. शेवटची चारही अक्षरं तीच, पण उच्चार चार तऱ्हांचे! कारण शब्दाच्या शेवटी आलेला हा 'ख़' काही ठिकाणी नुसताच गळाला, तर काही ठिकाणी त्याचा 'फ' झाला. प्रमाण इंग्रजीने एक शब्द या बोलीतून घेतला, दुसरा त्या बोलीतून. स्वरही आपापल्या वाटेने गेले. स्पेलिंग तेवढं एकसारखं राहिलं.

आणि एक घुसखोरही आहे बरं का! 'डिलाइट' हा शब्द फ्रेंचमधून आला. त्यात जी-एच कधीच नव्हते. पण 'लाइट'च्या संगतीत राहून सोळाव्या शतकात त्यानेही ते चिकटवून घेतले.

हे सुधारायचा प्रयत्न झालाच नाही का? झाला की! अमेरिकेत नोआ वेब्स्टरने नांगराच्या स्पेलिंगमधले जी-एच काढून टाकले आणि ते तिथे टिकलं. 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत 300 शब्दांची सोपी स्पेलिंग वापरायचा आदेश दिला. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, काँग्रेसने विरोध केला आणि वर्षअखेरीस आदेश मागे गेला. पण जे राष्ट्राध्यक्षांना जमलं नाही, ते जाहिरातींनी थोडंफार केलं. तुमच्या फोनमधल्या कमी डेटा खाणाऱ्या 'लाइट' अ‍ॅपचं स्पेलिंग बघा. जी-एच गायब!

आपल्याकडेही असंच काहीसं घडलंय. आजोबांच्या काळातलं पुस्तक उघडा. 'नांव', 'पांच', 'कांहीं', सगळीकडे अनुस्वार दिसतील. तो नाकातला उच्चार प्रमाण मराठीतून कधीच गेला होता, टिंब मात्र राहिलं होतं. कोकणीत तो आजही ऐकू येतो. फरक इतकाच, की आपण 1962 च्या लेखननियमांनी ही न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली. इंग्रजीकडे असा नियम करणारी, सगळ्यांनी मान्य केलेली संस्थाच नाही. आणि अक्षरं ठेवण्याचा थोडा फायदाही होतो. 'राइट' म्हणजे बरोबर आणि 'राइट' म्हणजे लिहिणे, कानाला एकच, पण डोळ्याला लगेच वेगळे कळतात.

हे सगळं सांगायचं कारण काय? आपल्याकडे स्पेलिंग चुकलं की पोराला 'ढ' ठरवतात. इंटरव्ह्यूला एखादा उच्चार चुकला की माणूस आत्मविश्वासच घालवून बसतो. पण ज्याने 'रफ' शिकून 'डो'ला 'डफ' वाचलं, त्याने तर्क बरोबरच लावला होता. तर्काने उत्तर चुकलं, कारण हे स्पेलिंग आजच्या उच्चाराचं नाहीच, ते पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराचं आहे. ते पाठ करावं लागतं, इंग्रजांच्या मुलांनाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी वर्डलमध्ये आय-जी-एच-टी हिरवं झालं, की एकदा मनातल्या मनात 'निख़्त' म्हणून बघा. सहावा प्रयत्न वाचेल याची गॅरंटी नाही! भेटू पुढच्या भागात. तोवर, गुड नाइट.