ओढ्यावरचे मातीचे धरण

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाक्रा किंवा कोयना उभी राहते. परंतु इतिहास लहान बांधांनीही घडविला आहे. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, कॉर्डेल गावाच्या परिसरात, क्लाऊड क्रीक नावाचा एक ओढा आहे. त्यावर जुलै १९४८ मध्ये मातीचे एक छोटे धरण पुरे झाले. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याखाली नदीच्या वरच्या अंगास बांधलेले ते त्या देशातील पहिले धरण होय.

याचे मूळ मातीत आहे. वॉशिटा नदीच्या खोऱ्यातील गवताळ राने नांगराखाली आली, उतारांवर कापूस व गहू पिकू लागला. उघड्या जमिनीत पाऊस मुरेना. तो मातीसह धावू लागला. एप्रिल १९३४ मध्ये या नदीच्या पुराने हॅमन येथे सतरा माणसांचा बळी घेतला. १९३५ साली ह्यू बेनेट यांच्या हाताखाली संघसरकारचे मृदसंधारण खाते निघाले. पुढे १९४४ च्या कायद्याने अकरा खोरी निवडली, त्यांत वॉशिटा होती.

धरणाची रचना साधी आहे. ओढ्याला आडवा मातीचा बांध, बांधाच्या पोटातून एक नळ, आणि नळाच्या तोंडाशी काँक्रीटचा उभा मनोरा. पूर आला की तळे फुगते, पण नळातून पाणी बेताबेताने कित्येक दिवस खाली जात राहते आणि पुढल्या पावसाला जागा मोकळी होते. आपला पाझर तलाव पाणी जिरविण्यासाठी असतो. हे धरण पाणी सोडण्यासाठीच आहे, मात्र सावकाश. अतिवृष्टी झाली तर बाजूच्या गवताळ सांडव्यावरून पाणी निघते, कारण मातीच्या बांधावरून ते वाहू लागले की बांध टिकणे कठीण. मातीचे धरण फुटणे म्हणजे काय, हे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतने पुण्याला दाखविलेच आहे.

अशा धरणांवर त्या काळी मोठा वाद माजला. मोठ्या धरणांचे कैवारी म्हणत, ओढ्यावरच्या बांधांनी महानदीचा महापूर अडत नाही. मृदसंधारक म्हणत, शेतकऱ्याचे शेत ओढ्याकाठीच बुडते, त्याचे काय? वस्तुतः दोघांचेही खरे होते; प्रश्न कोणाचे नुकसान मोजायचे, हा होता.

१९५४ च्या कायद्याने ही योजना देशभर पसरली. आज अशी अकरा हजारांवर धरणे आहेत, पैकी दोन हजारांवर एकट्या ओक्लाहोमात. परंतु त्यांतील बहुतेकांचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले होते. तळ्यांत गाळ साचला, नळ जुने झाले. शिवाय पूर येईनासा झाला म्हणून कित्येक ठिकाणी बांधाखालच्या सखल जागी घरे उठली. शेताच्या रक्षणासाठी घातलेल्या बांधावर माणसांचे प्राण अवलंबून राहिले, तेव्हा २००० साली डागडुजीसाठी निराळा कायदा करावा लागला.

धरण यशस्वी झाले की पुराची आठवण बुजते, आणि आठवण बुजली की धरणाची निगा थांबते. म्हणून बांध घालणाऱ्या पिढीइतकीच तो राखणारी पिढीही जागी असावी लागते.