भरवशाची किंमत : टिळक दांपत्य आणि खानदेशचा बालकवी

१९०७ साली जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. वाङ्मयेतिहासात ही नोंद सर्वत्र आढळते. हा खानदेशी मुलगा पुढे नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला, हेही आपण सांगतो. मात्र ज्या घराने त्याला आसरा दिला, ते घर कशाच्या आधारावर उभे होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्या घराचा आधार म्हणजे संकटकाळी देवावर टाकलेला भार. मराठी ख्रिस्ती परिभाषेत त्याला ‘भरवसा’ म्हणतात.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाचा पहिला आघात झाला तो लक्ष्मीबाईंवर. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी सुमारे पाच वर्षे नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने काढली. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. पती हयात असताना आलेले हे एकाकीपण कोणत्याही शास्त्राच्या चौकटीत बसणारे नव्हते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी पुढे स्वतःच स्वतःला घातला आणि उत्तरही स्वतःच शोधले. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या, त्या केवळ पतीमागे जायचे म्हणून नव्हे.

टिळकांचा भरवसा निराळ्या घडणीचा होता. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती. हे नाते अभंगाच्या छंदापुरते नव्हते. सतराव्या शतकातील दुष्काळात तुकोबांचा संसार मोडला आणि त्या मोडलेपणातूनच त्यांची विठ्ठलाशी सलगी वाढली. देवाशी भांडण्याचा हक्क वारकरी परंपरेने भक्ताला दिला आहे. टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, तेव्हा हा हक्कही तिथे आला. मिशनच्या पाश्चात्त्य प्रार्थनापद्धतीत दुःख सांगायला मराठी माणसाला परकी चाल घ्यावी लागे. टिळकांमुळे त्याला ते स्वतःच्या चालीत सांगता येऊ लागले.

इथे एक अडचणीचा मुद्दा येतो. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टाकायचा आणि उद्याची काळजी देवावर सोपवायची, ही टिळकांची रीत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. पण देवावर सोपवलेला तो उद्या उजाडला की चूल पेटवावी लागे ती लक्ष्मीबाईंना. घरात आलेली पोरकी मुले, पाहुणे, आजारी माणसे या सर्वांचे करणे त्यांच्याकडेच होते. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३७) या आत्मकथेत ही ओढाताण त्यांनी हसत लिहिली आहे. त्या हसण्यात तक्रार आहे, पण कडवटपणा नाही. टिळकांचा विश्वास काव्यात दिसतो, त्याची किंमत मात्र या गद्यात कळते. म्हणून दोघांना एकत्र वाचल्याशिवाय त्या घरातील श्रद्धेचा इतिहास पुरा होत नाही.

बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्या याच कवीच्या ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’ यांसारख्या कवितांत जी खिन्नता दाटून येते, तिला समोर कोणी ऐकणारा नाही. टिळकांच्या दुःखाला देव हा श्रोता होता. बालकवींचे दुःख स्वतःपाशीच घुमत राहते. एका छपराखाली राहिलेल्या दोन कवींमधील हा फरक धर्माचा म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. तो कवितेच्या घडणीचा फरक आहे.

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि आपली आठवण लिहिली. भरवसा म्हणजे संकट टळेल याची खात्री, असा अर्थ या बाईंच्या आयुष्यातून निघत नाही. संकट टळले नाही तरी हातातले काम न सोडणे, एवढाच तो निघतो. वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना आपण त्यातील विनोद आवर्जून दाखवतो. तो विनोद कशातून तरून आला, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवे.