डाख देणे आणि डाख उकलणे : ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीचा एक ऐतिहासिक विचार

डाख देऊन धातू जोडण्याची कला प्राचीन आहे. परंतु दिलेला डाख इजा न करता उकलणे हे ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीत स्वतंत्र कौशल्य ठरले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. याचे कारण डाखात नसून, तो ज्या पृष्ठभागावर दिला जाई त्याच्या रचनेत आहे.

निर्वात नलिकांच्या काळातील रेडिओ व ध्वनिवर्धक धातूच्या सांगाड्यावर बांधीत. रोधक, धारित्र इत्यादी घटकांच्या तारा जोडपट्टीच्या धातूच्या कानांत अडकवून पिळीत व मग त्यांवर डाख देत. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे यांचा डाख १८३° से. तापमानास एकदम वितळतो आणि एकदम थिजतो. निव्वळ कथलास २३२° से. लागतात. एवढी उष्णता तो कान सहज सोशी. त्यामुळे निकामी घटक पुनःपुन्हा बदलणे शक्य होते.

व्हिएन्ना येथे जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मुद्रित मंडलाची कल्पना मांडली. पुढे १९४९ मध्ये अमेरिकी सैन्याच्या दळणवळण विभागातील डँको व अब्रामसन यांनी मंडलावरील सर्व सांधे वितळलेल्या डाखात एकदम बुडवून जोडण्याची पद्धत विकसित केली. उत्पादन वेगवान झाले. भार मात्र दुरुस्ती करणाऱ्यावर पडला. कारण मुद्रित मंडलावरील तांब्याचा पत्रा अत्यंत पातळ असून केवळ चिकटविलेला असतो. उष्णता अधिक काळ लागल्यास तो सुटतो आणि एका धारित्रापायी संपूर्ण मंडल निकामी होऊ शकते. म्हणूनच शोषक पंप व वितळलेला डाख टिपून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी ही साधने आवश्यक ठरली. घटकाचे पाय आधी कापून एकेक वेगळा काढणे, जुन्या डाखात थोडा ताजा डाख व राळ मिसळून तो प्रवाही करणे, या युक्त्यांचा हेतूही उष्णतेचा अवधी कमी करणे हाच होय.

युरोपीय संघाच्या निर्देशाने १ जुलै २००६ पासून नव्या यंत्रांतील शिशावर निर्बंध आले. कथील, रुपे व तांबे यांचा नवा डाख सुमारे २१७° से. ला वितळतो, साहजिकच उकलणे अधिक जोखमीचे झाले. मात्र त्या तारखेपूर्वीच्या यंत्रांच्या दुरुस्तीचे सुटे भाग या निर्बंधातून वगळण्यात आले.

तात्पर्य, यंत्राचे आयुष्य त्याचा सांधा किती पक्का आहे यावर जितके अवलंबून असते, तितकेच तो किती सुखरूप उकलता येतो यावरही असते.